लाट वळणावर हरवली नव्हती

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा पहिल्यांदा एका व्यक्तीला सांगितलं — तेही चालत्या स्कूटरवर, समोर बघत, मागे न वळता. आणि आज तुम्हाला. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच जमेल असं वाटतंय. एरवी मला अवघड काही सांगायचं असलं की मी आधी चहा टाकते, मग हवापाणी, मग पोरांच्या परीक्षा, आणि मुद्द्याशी येईपर्यंत समोरचा माणूस चपला घालत असतो. आजही थोडं तसंच होणार आहे.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते. माझा खास विषय म्हणजे पाण्याच्या लाटांची समीकरणं. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की लोक एकदम ताटातल्या जिलबीकडे लक्ष देतात. त्यांचा तरी काय दोष? पण मग मी त्यांना माझी ती गोष्ट सांगते, आणि जिलबी हातातच राहते. ती गोष्ट माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आधी तीच सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी, एका रविवारी दुपारी, मी चाकणकडून परत येत होते. मोठ्या रस्त्यावर कंपन्यांच्या कंटेनरची रांग लागलेली, म्हणून स्कूटी कालव्याच्या काठच्या कच्च्या वाटेला घातली. शेतीला पाणी सोडायचं आवर्तन संपलेलं होतं, दारं बंद, कालव्यात कमरेएवढं पाणी आणि तेही अगदी उभं. ऊन इतकं, की पाण्याला झोप लागल्यासारखी वाटत होती. पुढे काठाचं काम चालू होतं. तिथल्या जेसीबीनं मुरमाचा भलामोठा ढीग एका दणक्यात कालव्यात लोटला. पाणी उसळलं, गढूळलं, काठाला धडकलं — आणि त्या गोंधळातून पाण्याचा एकच एक उंचवटा बाहेर पडला. गोल, गुळगुळीत, फेस नाही, आवाज नाही. तो कालव्यातून चालू लागला. मी त्याच्या बरोबरीनं निघाले. सायकलीच्या चालीनं चालला होता तो. स्कूटी इतकी सावकाश न्यायची म्हणजे पाय टेकवत टेकवतच. किती तरी अंतर गेलो आम्ही, पण तो लहान झाला नाही, फुटला नाही. बाभळींच्या सावल्या त्याच्या पाठीवरून एकेक करून सरकत होत्या. मग एक वळण आलं आणि त्या वळणावर तो हरवला.

एवढीच गोष्ट. दर वर्षी पहिल्या तासाला मी ती सांगते. मागच्या बाकावर मोबाइलमध्ये मुंडी घालून बसलेली पोरं वर बघतात. पुनावळ्यात आमच्या सोसायटीनं महिलादिनी मला शाल-श्रीफळ दिलं, तेव्हाही मी तीच सांगितली होती. माझी मुलगी इरा, आता नववीत आहे, ती लहानपणी हीच गोष्ट ऐकत झोपायची. ‘वळणावर हरवली’ म्हणेपर्यंत तिचे डोळे मिटलेले असायचे.

त्या दुपारी मी कालव्यावर नव्हते.

मी पिंपळे गुरवच्या आमच्या खोलीत होते. न्हाऊन, ओले केस उशीवर पसरून, पंख्याखाली झोपले होते. लाट पाहिली ती रत्नानं.

झालं, सांगून टाकलं — असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं वाटायचं की आपलं पाप एवढंच आहे: एक गोष्ट उचलली. लोक दुसऱ्याचे विनोद उचलतात, पाककृती उचलतात, मी एक लाट उचलली. पण खरं ते पुढे आहे. तिथवर जायला मला जरा वेळ द्यावाच लागेल.

रत्नमाला लातूरकडची, औशाजवळच्या खेड्यातली. मी साताऱ्याची. दोघी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो आणि दोघींनी मिळून एक खोली घेतली होती. खोली कसली, गच्चीवरची पत्र्याची शेड, पण वारा भरपूर. रत्ना बोलायला मऊ, कामाला घट्ट. भाकरी अशी करायची की मी आईची भाकरी विसरले. गणितातही ती माझ्यापेक्षा पुढे होती. हे मी आज इतक्या सहज लिहिते आहे. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

आमचा विषय तुम्हाला दोन शब्दांत सांगायला हवा, त्याशिवाय तिनं काय पाहिलं ते कळायचं नाही. विहिरीत दगड टाकला की तरंग उठतात आणि पसरत पसरत मरून जातात. लाटेचा तो स्वभावच — पसरायचं. पण उथळ पाण्यात तिला आणखी एक खोड असते: तिचा माथा पायापेक्षा जोरात पळतो, त्यामुळे ती पुढे कलते आणि कोसळायला बघते. एक खोड तिला पसरवून मारते, दुसरी कोसळवून. कधीमधी या दोन्ही खोडी नेमक्या सारख्या जोराच्या होतात, आणि मग दोन तऱ्हेवाईक माणसांचा संसार जसा अवचित चांगला होऊन जातो, तसं होतं. लाट ना पसरते, ना कोसळते. एकटी, आहे तशी, चालत राहते. तिचं एक समीकरण आहे, दोन डच माणसांच्या नावाचं. बाकीची असली समीकरणं हट्टी असतात, सुटत नाहीत. हे पूर्ण सुटतं. अशांना आम्ही इंटिग्रेबल म्हणतो. त्यांच्या पोटात न बदलणाऱ्या गोष्टी असतात, एक-दोन नाही, अनंत. पाणी कितीही हललं तरी त्या जशाच्या तशा. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वर्गात रडले होते, खोटं नाही सांगत.

आणि अशी लाट आम्हा दोघींपैकी कुणीही कधी पाहिली नव्हती. कागदावर मात्र रोज. जुन्या पुस्तकात एक हकीकत आहे, एका स्कॉटिश इंजिनिअरनं कालव्यात ती पाहिली आणि घोड्यावरून तिचा पाठलाग केला, शेवटी कालव्याच्या वळणांत ती हरवली. आमचे सर ती हकीकत इतक्या प्रेमानं सांगायचे, जणू तो घोडा त्यांच्याच गोठ्यातला.

रत्ना त्या रविवारी चाकणला मामाकडे जेवायला गेली होती. मामा तिकडे कंपनीत होता. संध्याकाळी परत आली ती दारातच उभी राहिली. सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, चेहरा उन्हानं लाल, आणि डोळे — कसे सांगू? नुकत्याच जाग्या झालेल्या मुलासारखे. मी स्टोव्हवर भात टाकला होता. ती बसली नाही, चप्पल काढली नाही, तशीच सांगू लागली. तिची बोली एरवी ती शहरात आवरून धरायची, त्या दिवशी सगळी सुटली होती.

“अगं, पाणी नव्हतं गं ते. जित्तं होतं काहीतरी. गुमान चालूलालतं.”

जेसीबी, मुरूम, उंचवटा, बाभळीच्या सावल्या, टेकवत नेलेली स्कूटी — सगळं तिनं सांगितलं. आणि मी काय केलं? मी प्रश्न विचारले. उंची किती? वेग किती? तू मोजलंस का? फोटो का नाही काढलास? ती गांगरली. म्हणाली, मोजायचं सुचलंच नाही. मग परत सुरू करणार तर मला करपल्याचा वास आला. “थांब, भात लागतोय,” मी म्हणाले. “अजून हाय की पुढं, ऐक तरी,” ती म्हणाली. मी ऐकलं नाही. पातेलं उतरवलं, खरवडलं, उगाच भांडी वाजवली. मला हेवा वाटत होता.  मी ज्या गोष्टीवर रडले होते ती गोष्ट हिला भर दुपारी, मामाकडचं जेवण जेवून येताना, फुकट दिसावी?

त्या रात्री तिला ताप भरला. उन्हाचा असेल. पुढचं सांगायचं राहून गेलं, आणि मी विचारलंही नाही. म्हणजे आजतागायत नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सरांची एक पद्धत होती. सोमवारी सकाळी सगळ्या विद्यार्थ्यांना चहा पाजायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, आठवड्यात काय पाहिलंस? काय वाचलंस असं नाही, काय पाहिलंस. कुणी नळाच्या धारेबद्दल सांगायचं, कुणी बाथरूमच्या बादलीबद्दल. माझ्याकडे सांगायला कधी काही नसायचं आणि मला त्या चहाची धास्ती वाटायची. त्या दिवशी रत्ना आली नव्हती. माझी पाळी आली. मी म्हटलं, “सर, काल चाकणच्या अलीकडे कालव्यावर...” आणि मी पुढे ‘रत्नानं’ असं म्हणणार होते. शपथेवर सांगते, म्हणणार होते. पण सरांचा कप हवेतच थांबला. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. “पाहिलीस?” त्यांनी विचारलं. “तू पाहिलीस?”

मी हो म्हटलं.

मग सांगावंच लागलं ना? आणि सांगता सांगता कसं झालं, मला कळलं नाही — मला सगळं दिसू लागलं. ऊन, पाण्याचा मुरमाड रंग, काठावरचा एक बगळा. रत्नानं बगळ्याचं काही सांगितलं नव्हतं. तो माझा आहे. शेवट मला माहीत नव्हता, म्हणून मी पुस्तकातला लावून दिला: वळण, आणि हरवली. सर हसले. “अगदी त्याच्यासारखीच हरवली की!” म्हणाले. त्यांना त्यात खोट दिसली नाही, योग दिसला.

त्यानंतर ती लाट मला खरोखरच आठवू लागली. हे मी नीट सांगू शकत नाही. तुमचं कधी झालंय असं — न पाहिलेलं काही इतकं आठवतं की खरं पाहिलेलं त्यापुढे पुसट होतं? मी वर्गात पाठमोरी फळ्यावर लिहीत असते आणि उजव्या बाजूनं ती चालू लागते. पुनावळ्याच्या अंडरपासमध्ये पाणी साचतं, गाड्या जातात, तिथेही मला तिचीच पाठ दिसते. दुपारी डोळा लागला की मी त्या काठावर असते. स्वप्नात स्कूटीचा आवाज नसतो. बाभळींची सावली अंगावरून जाते ती गार लागते. मी लाटेच्या बरोबरीनं चाललेली असते, आणि पलीकडच्या काठावरही कुणीतरी चाललेलं असतं, पण मी मान वळवत नाही. इतकं गोड असतं ते स्वप्न. लाज वाटायला हवी, तर गोड वाटतं.

पुढच्या सोमवारी रत्ना आली. सरांनी तिला बसायच्या आतच सांगितलं, “अगं, तुझ्या मैत्रिणीनं काय पाहिलंय माहितीये का?” आणि सगळी गोष्ट स्वतःच सांगितली, बगळ्यासकट. रत्नानं माझ्याकडे पाहिलं. मी चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून पडलं, मी चमच्यानं ते शोधत बसले.  घरी गेल्यावर भाकरी थापता थापता तिनं एवढंच विचारलं, “सांगून टाकशील न्हवं?” मी म्हटलं, हो गं, सोमवारी सांगते. चुकून निघालं तोंडातून, सरांनी पुढे बोलूच दिलं नाही. ती म्हणाली, बरं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

किती सोमवार गेले. तिनं पुन्हा विचारलं नाही. आता मला वाटतं, ती रोज वाट बघत असणार. तेव्हा मला वाटत होतं — काय वाटत होतं? — की ती विसरली.

मग कॉलेजात अध्यापकाची एक जागा निघाली. जागा एकच, पण चांगली, कायम. आम्ही दोघींनी अर्ज केला. दोघींना घरून सारखे फोन येत होते, आता बस झालं शिक्षण. रत्नाच्या घरी तर स्थळही ठरवत आणलं होतं. नोकरी लागली तर ते थांबणार होतं. मुलाखतीला आमचे सर होते आणि बाहेरचे तिघं. आधी मला बोलावलं. हाच विषय का घेतला, विचारलं. मी गोष्ट सांगितली. छान सांगितली. बाहेर येऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले, रत्ना आत गेली.

तिलाही तोच प्रश्न विचारला असणार. आणि ती दुसरं काय सांगणार होती? तिच्याकडे खरं उत्तर होतं. तिनं ते दिलं.

थोड्या वेळानं शिपाई बाहेर आला आणि मला म्हणाला, मॅडम, आत बोलावलंय. मी गेले. रत्ना खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. बाहेरच्यांपैकी एक गृहस्थ ओठांत हसत होते. सर हसत नव्हते. त्यांनी मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं वर्गात विचारायचे: “कालव्याची ती गोष्ट तुझी ना?”

खरं पाप पुढे आहे म्हटलं होतं ना, ते हे.

रत्ना माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. तिला वाटलं, आता ही सांगणार. चहाच्या वेळी राहून गेलं असेल, इथे तर ही सांगेलच. मला तिचा तो चेहरा दिसत होता, मला सगळं समजत होतं. कुणी मला घाई केली नाही. कुणी तोंडात शब्द घातले नाहीत. विचार करायला भरपूर वेळ होता आणि मी तो केला. मग म्हणाले, “हो सर. आम्ही एकाच खोलीत राहतो. हिला मीच सांगितली होती.”

‘हिला मीच सांगितली होती.’ नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. हे वाक्य मी माझ्या मनानं जोडलं, बगळ्यासारखं.

रत्ना उठली.  पदर नव्हता, ओढणी होती, ती तिनं नीट केली आणि गेली. मला जागा मिळाली. सरांनी नंतर मला एकदाच म्हटलं, पोरगी हुशार होती पण खोटं बोलली, आणि वर आपल्या पदरचा मीठमसालाही लावला होता तिनं. मी विचारलं नाही, कसला मसाला. रत्नानं सरांकडे येणं बंद केलं. मी साताऱ्याला जाऊन आले तेव्हा खोलीतला तिचा कोपरा रिकामा होता. पोळपाट मात्र ठेवून गेली होती. तो तिचा होता, मी तो कितीतरी वर्षं वापरला.

तिचं पुढे काय झालं हे मी शोधलं नाही. शोधणं काही अवघड नव्हतं.

माझं पुढे सगळं नीट झालं. पीएच.डी., लग्न, इरा, पुनावळ्यात फ्लॅट. नवरा चाकणला कंपनीत आहे, फर्स्ट शिफ्टला पहाटे जातो. कधीकधी जेवताना तो म्हणतो, अगं तुझ्या कालव्यावरून आलो आज, आता तिथे पाण्यापेक्षा बाटल्याच जास्त. ‘तुझा कालवा.’ मी भाजी वाढते.

या वर्षी इराला गणिताचा क्लास लावला. घरात गणिताची बाई असून क्लास? — पण आई शिकवायला लागली की आमच्याकडे महाभारत होतं. सोसायटीतल्या बायकांनी नाव सुचवलं, जवळच एक बाई घरीच क्लास घेतात, फार छान शिकवतात, मुली त्यांना ताई म्हणतात. फी नवऱ्यानं ऑनलाइन भरली. मी नावही नीट विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात इरा आली आणि दप्तर फेकतच म्हणाली, “आई, ताईंनी आज तुझी गोष्ट सांगितली! पण चुकीची सांगितली.”

मी गॅस बंद केला.

इरा सांगत राहिली. ताईंनी कालव्यातल्या लाटेची गोष्ट सांगितली, स्वतः पाहिल्यासारखी. जेसीबी, बाभळी, स्कूटी, सगळं तेच. पण ताईंची लाट वळणावर हरवत नाही. वळण घेते आणि पुढे जाते, आणि पुढे कालव्याचं बंद दार असतं. लोखंडी. लाट त्या दाराला भिडते. फुटत नाही. तिथल्या तिथे उभी राहते, दुप्पट उंच, ताई म्हणाल्या, कालव्यात उभी असते तर माझ्या छातीपर्यंत आली असती — एक क्षण तशीच थांबते — आणि मग परत फिरते. तीच लाट, तशीच गोल, मागे बारीक तरंगांची एक शेपटी सोडत, आल्या वाटेनं उलटी चालू लागते. ताईंनी स्कूटी वळवली आणि तिच्या सोबत परत आल्या.

मी ओट्याला टेकून उभी होते. तुम्हाला यातलं मोठेपण कळायचं नाही, पण मला कळलं. अशी लाट भिंतीला भिडते, ते गणितात आपल्याच प्रतिबिंबाशी टक्कर घेण्यासारखं असतं: समोरून तशीच एक येते, दोघी एकमेकींतून पार होतात, आणि दोघीही शाबूत निघतात. मी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. रत्नानं ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘अजून हाय की पुढं.’ हेच पुढं होतं. हाच तो मीठमसाला. मला भात लागत होता.

“मग मी हात वर केला,” इरा म्हणाली, “आणि सांगितलं की ही माझ्या आईची गोष्ट आहे, आणि ती परत येत नाही, ती हरवते. सगळ्या हसल्या.”

ताई काय म्हणाल्या, मी विचारलं.

“काही नाही. आईचं नाव विचारलं. मग म्हणाल्या, असेल गं. पण माझी परत आली होती.” आणि मग इरानं मला सरळच विचारलं, “खरी कुणाची?”

इथे तरी? इथे तरी मी सांगायला हवं होतं ना? स्वयंपाकघरात, पोटच्या पोरीला? मी म्हटलं, लाटा काय, बऱ्याच असतात. हात धू, जेवायला बस.

चार दिवस तो उंचवटा माझ्या स्वप्नात आला नाही. झोपच आली नाही म्हणा. परवा क्लासला सोडताना इरा मागे बसली होती, गाणं गुणगुणत होती. हायवेखालून बाहेर पडलो आणि मी तोंडाला बांधलेल्या स्कार्फच्या आतूनच बोलले, की ती लाट मी पाहिली नाही. तुझ्या ताईंनी पाहिली. मी ती स्वतःची म्हणून सांगितली. तिला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं आणि तिची नोकरी घेतली.

गुणगुणणं थांबलं.  मग माझ्या खांद्याशी तिचा आवाज आला, बारीक: “म्हणजे मी पण त्यांना सगळ्यांसमोर खोटं ठरवलं?”

मी म्हटलं, तू नाही, मी. पण तोवर क्लास आला होता, ती उतरली होती. वळून न बघता जिना चढून गेली.

क्लास सुटेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, समोर, रसवंतीच्या सावलीत. पहिल्या मजल्यावर गॅलरी आहे, तिथे पोरींच्या चपला. आतून एकसुरात काहीतरी म्हटल्याचा आवाज येत होता. तासाभरानं इरा खाली आली. डोळे सुजलेले. मी विचारायच्या आधी तिनं सांगितलं. तिनं गेल्या गेल्या, बसायच्या आधी, सगळ्यांसमोर म्हटलं, की ती गोष्ट ताईंचीच आहे, माझ्या आईची नाही. मी चुकीचं बोलले.

एवढंच. एक वाक्य, उभ्या उभ्या.

“मग?” मी विचारलं.

“मग काही नाही. त्या जरा वेळ खिडकीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, बस, वही काढ. नि गणित सुरू केलं.”

मी मान वर केली तेव्हा रत्ना गॅलरीत आली होती. केस पिकलेत. मुलींच्या चपला पायानं सरळ करत होती, तिची जुनी सवय. मग तिनं खाली पाहिलं — इराकडे, आणि इरा जिच्या मागे बसत होती तिच्याकडे. माझे फक्त डोळे उघडे होते. तिनं ओळखलं की नाही, मला माहीत नाही. ती कठड्याला हात टेकून थांबली, अगदी स्वस्थ, कुणाला तरी वेळ द्यावा तशी.

स्कार्फची गाठ मानेमागे असते, एका हातानं सुटते. मी ती सोडली नाही. स्कूटर सुरू केली.